जुनी रेडियल आर्म करवत पुन्हा पुन्हा अडकते? आधी लाकूड बघा, आणि दोनदा बघा

लक्षणं अशी. करवत व्यवस्थित सुरू होते, आवाज स्वच्छ असतो. पहिली दोन-तीन लाकडं सहज कापली जातात. चौथ्याला पातं मध्यावर पोचलं की मोटरचा आवाज एकदम खाली उतरतो. मग पातं थबकतं, नाहीतर उलट आपल्याच दिशेनं झेप घेतं. कापाच्या एका कडेला काळपट पट्टा उमटतो आणि गॅरेजभर जळक्या राळेचा वास भरतो. पातं बदललं की आठवडाभर ठीक, मग पुन्हा तेच. गुण्या लावून आर्म काटकोनात आणला की पंधरा दिवस ठीक, मग पुन्हा तेच.

माझ्याकडे हे तब्बल दीड वर्ष चाललं होतं. कारण सापडलं तेव्हा ते मशीनमध्ये नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कॅलिफोर्नियात, अमेरिकेत इतरत्र, आणि आता पुण्या-नाशकाकडेही आपली काही मंडळी अशी जुनी यंत्रं घेऊन बसलेली आहेत. त्यांची दीड वर्षं वाचावीत.

माझी करवत १९४० च्या दशकातली, ओतीव लोखंडाची, १२ इंची पात्याची. एका घराच्या सामान-विक्रीत मिळाली. ज्यांनी असं यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: टेबलाच्या मागे एक जाड खांब असतो, खांबावर आडवा आर्म, आणि आर्मच्या रुळावरून मोटर आणि पातं पुढे-मागे सरकतं. लाकूड टेबलावरच्या उभ्या मागच्या पट्टीला टेकून स्थिर राहतं, करवत त्याच्यावरून ओढायची. रेमंड डीवॉल्ट यांनी १९२२ मध्ये ही रचना केली. एकाच मापाचे शेकडो तुकडे पाडायला तिच्याइतकं सोपं काही नव्हतं, आणि दुसऱ्या महायुद्धात नेमकं तेच काम निघालं.

१६ डिसेंबर १९४१ ला अमेरिकी लष्कराचं सगळं बांधकाम इंजिनियर कोअर या त्याच्याच अभियंता-शाखेकडे आलं. छावण्या, बराकी, गोदामं, इस्पितळं, सगळं एकाच वेळी आणि सगळं घाईत. लष्कराची ठरलेली दुमजली बराक ६३ माणसांची. नकाशा एकच, वासे त्याच लांबीचे, खांब त्याच उंचीचे. जागेवरच कापणीचं आवार मांडायचं, तिथे लाकूड मापात कापून ढीग लावायचे आणि ते ढीग सुतारांकडे पाठवायचे. पोलाद जहाजांना आणि रणगाड्यांना हवं होतं, म्हणून जे लाकडात होईल ते लाकडात. नौदलानं तर ब्लिंपसाठी, म्हणजे हलक्या वायूनं भरलेल्या फुगेवजा हवाई जहाजांसाठी, १७ हँगर (ती ठेवायच्या अजस्र शेड) लाकडाचे उभारले. ऑरेगॉनमधल्या टिलामूकचा हँगर १,०७२ फूट लांब, २९६ फूट रुंद आणि १९२ फूट उंच आहे, आणि त्याच्या कैच्या डग्लस फरच्या आहेत. आमच्याकडे १०१ हायवेवरून जाताना मॉफेट फील्ड या जुन्या विमानतळावर त्याच काळातला लाकडी हँगर दिसतो. इथले मराठी लोक रोज ऑफिसला जाताना त्याच्या शेजारून जातात. एकदा गाडी थांबवून जरूर बघा.

हा इतिहास दुरुस्तीच्या लेखात मुद्दाम घेतला, कारण दोषाचं मूळ तिथेच आहे. इतकं लाकूड इतक्या घाईत लागलं, की ते मुरवायला वेळच नव्हता. झाड पाडलं, चिरलं, वाघिणीत घातलं आणि ओलं असतानाच भिंतीत ठोकलं. ते वाळलं भिंतीत, खिळ्यांनी जखडलेल्या अवस्थेत. आज त्या बराकी पाडल्या जातात तेव्हा तेच लाकूड बाजारात येतं. मॉन्टरेजवळची फोर्ट ऑर्ड छावणी १९९४ मध्ये बंद झाली, तिथेही अशा लाकडी इमारतींची रांगच्या रांग होती. हे लाकूड अप्रतिम असतं. जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांचं, बारीक वलयांचं. वरून राखाडी आणि धुळकट दिसतं, पण पहिला काप घेतला की आतून नारिंगी-तांबूस रंग उघडतो आणि ऐंशी वर्षांनंतरही राळेचा वास येतो. मी ते घेतो आणि पुढेही घेणार. पण ते कापताना ते साधं लाकूड नाही हे ध्यानात ठेवावं लागतं.

आता तपासणी. आधी प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, वायर भिंतीतून काढून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवा.

पहिली गोष्ट, कापायचं लाकूड. ते उचलून डोळ्याच्या रेषेत धरा आणि लांबीकडून बघा. बराकीतली जवळपास प्रत्येक तुळई कुठल्या तरी बाजूला वाकलेली असते. कोस्ट जातीचा डग्लस फर पूर्ण ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वलयांना समांतर दिशेनं सुमारे ७.६ टक्के आकसतो आणि वलयांना आडव्या दिशेनं सुमारे ४.८ टक्के. एकाच फळीत दोन दिशांना असा फरक म्हटल्यावर ती पिळणारच. त्यात दोन्ही टोकं खिळ्यांनी धरलेली, म्हणजे आत ताण साठणारच. मोकळी झाली की फळी आपला आकार घेते. कापली की आणखी थोडा घेते, आणि पातं नेमकं त्या क्षणी चिरेत असतं.

इथला नियम साधा आहे, पण मी तो उलटा पाळत होतो. वाकलेल्या लाकडाचा फुगवटा टेबलाला आणि मागच्या पट्टीला टेकला पाहिजे, तोही नेमका कापाच्या जागी. माझा हात सवयीनं दोन्ही टोकं टेकवायचा, कारण तसं लाकूड डुगडुगत नाही आणि घट्ट बसल्यासारखं वाटतं. पण मग मधला भाग अधांतरी राहतो. पातं अर्ध्यात गेलं की मधला भाग खाली बसतो, चीर वरून मिटते आणि पात्याला चिमटा बसतो. फुगवटा खाली असला तर कापल्यावर बाहेरची टोकं खाली जातात आणि चीर उघडत जाते. टोकांखाली जी फट राहते तिथे दोन्हीकडून पातळ पाचरी सरकवा, म्हणजे लाकूड डुलणार नाही. मी पाचरींचा एक डबाच टेबलाशेजारी ठेवलाय. लाकूड लांब असेल तर दोन्ही बाजूंना टेबलाच्या उंचीचे घोडे (आधाराचे स्टँड) हवेतच.

आत ताण किती आहे हे बघायची एक जुनी पद्धत आहे. फळीच्या टोकापासून फूटभर आत जाऊन इंचभर रुंदीची आडवी चकती कापा. हात-करवतीनं तिचा मधला भाग काढून टाका, म्हणजे चिमट्यासारखी दोन बोटं उरतील. ती सरळ राहिली तर उत्तम. एकमेकांकडे मिटली तर ती फळी उभी चिरायला घेऊ नका. पिळलेलं, ताणलेलं लाकूड रेडियल आर्मवर उभं चिरणं हे मी पूर्ण बंद केलं आहे. ते काम बँडसॉवर, म्हणजे पट्ट्यासारख्या पात्याच्या करवतीवर, न्या.

मापाचीही एक भानगड आहे. आज आपण ज्याला टू-बाय-फोर म्हणतो तो प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतो. युद्धकाळातला पूर्ण रंधलेला टू-बाय-फोर १ ५/८ बाय ३ ५/८ इंच असायचा, म्हणजे ३८ ऐवजी ४१ मिलिमीटर जाड. जुनं आणि नवं लाकूड शेजारी-शेजारी ठेवून एका दमात कापलं, तर पातळ लाकडावर हाताचा दाब पोचत नाही. ते उडी मारतं आणि पात्याला बाजूनं ढकलतं. जुनं-नवं कधीच एकत्र कापू नका.

खिळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. साडेतीन इंची खिळे सर्रास मारलेले असतात, आणि डोकं तुटून गेलेला खिळा वरून दिसत नाही. लाकडात काळा गोल डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असंच धरा. शिवाय साधा मेटल डिटेक्टर फिरवा. एका तुळईत मी डाग पाहिला, तो जुना वाटला म्हणून पुढे गेलो. कापलेल्या तोंडावर दोन चांदीसारखे चमकते ठिपके निघाले आणि पात्याचे सात दात गेले. बोथट दात एकाच बाजूचे असतील तर पातं त्या बाजूपासून दूर सरकतं, एका कडेला घासतं, आणि मग तो काळा पट्टा उमटतो. लोक तेव्हा मशीन जुळवत बसतात. आधी दात मोजा.

आणि रंग. १९४० च्या दशकातला तेलरंग म्हणजे त्यात शिसं आहे असंच समजायचं. अमेरिकेत घरांसाठी शिसंयुक्त रंगावर बंदी १९७८ मध्ये आली. रंगीत लाकूड करवतीखाली घालू नका, रंधू नका, घासू नका. रंगाची बाजू कशी काढायची ते माहीत असलेल्या माणसाकडून काढून घ्या. घरात लहान मूल असेल तर रंग लागलेलं लाकूड आणूच नका. हँगरच्या लाकडाला तर आग लवकर लागू नये म्हणून रसायनं पाजलेली असायची, तेही घरच्या गॅरेजचं काम नाही.

एवढं सगळं पाळूनही माझी करवत अडकतच होती. पूर्वीपेक्षा कमी, पण दर पावसाळी महिन्यात हमखास. तेव्हा सॅक्रामेंटोचे एक काका, कोल्हापूरकडे सॉ मिलवर पंचवीस वर्षं काढलेले, फोनवर म्हणाले, “अरे, पातं बघितलंस, मोटर बघितलीस, ते लाकूड पण बघितलंस. ज्याच्यावर ते ठेवतोस ते कशाचंय?”

मी म्हटलं, “टेबल? ते मीच केलंय काका, बराकीच्याच फळ्यांचं.”

“मग दुसरं काय शोधतोयस?”

हेच होतं. मशीनबरोबर आलेलं टेबल कुजलेलं होतं, म्हणून मी साडेनऊ इंच रुंदीच्या जुन्या फळ्या जोडून, रंधा मारून, तेल लावून देखणं टेबल बनवलं होतं. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि उन्हाळा कोरडा. गॅरेजमधल्या लाकडातला ओलावा या दोन टोकांमध्ये ४ टक्क्यांनी हलला, तर तसल्या एका फळीची रुंदी सुमारे अडीच मिलिमीटरनं बदलते. तीन फळ्या म्हटल्यावर साडेसात. त्या मी बोल्टांनी गच्च आवळलेल्या, त्यामुळे फुगायला जागा फक्त मागे, पट्टीच्या दिशेनं. फळ्या फुगायच्या, पट्टीला मधून ढकलायच्या, आणि पट्टी धनुष्यासारखी वाकायची. मी गुण्या लावायचो तो या वाकलेल्या पट्टीला. आर्म मुळात बरोबर होता, मी तो चुकीच्या पट्टीशी जुळवायचो. पंधरा दिवसांनी हवा बदलली की पट्टी हलायची आणि मी पुन्हा आर्म हलवायचो.

तुमचं टेबल असं करतंय का हे बघायला दोन मिनिटं लागतात. मागच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना एकाच जाडीचे दोन ठोकळे लावा, त्यांच्यावरून दोरा ताणा आणि तसाच तिसरा ठोकळा मध्ये सरकवून बघा. तो दोऱ्याखाली अडला किंवा दोरा आणि ठोकळ्यात फट दिसली, तर पट्टी वाकली आहे. अशी पट्टी असताना आर्मला हात लावू नका. मग पातं उतरवा, मोटरच्या आसाचं टोक टेबलाच्या जवळ आणा आणि आर्म व कॅरेज (मोटर धरून रुळावर सरकणारा भाग) फिरवत संपूर्ण टेबलावर तीच फट राहते का ते एका सपाट पट्टीनं मोजा. माझ्याकडे मध्ये आणि कडेला जवळपास दोन मिलिमीटरचा फरक निघाला.

उपाय म्हणजे प्लायवूडचे दोन थर एकमेकांना चिकटवून केलेलं टेबल. सगळ्या कडा सील करायच्या, बोल्टांची भोकं लांबट ठेवायची. मागची पट्टी सरळ दाण्याच्या कोरड्या लाकडाची, आणि ती खपणारी वस्तू आहे असं समजायचं. चीर रुंद झाली की नवी घाला. पट्टीच्या खालच्या कडेला छोटी तिरकी खाच मारा, म्हणजे भुसा तिथे जाईल. भुसा पट्टीशी दाबून बसला की लाकूड केसभर पुढे राहतं आणि काप तिरका जातो. दर चार-पाच कापांनंतर ब्रश फिरवायची सवय लावा. जुन्या फळ्यांची मी बाकं केली, ती उत्तम बसली आहेत.

टेबल आणि पट्टी स्थिर झाल्यावरच मशीनकडे वळा. रुंद फळी आडवी कापा, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेली तोंडं पट्टीला धरून जुळवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. आर्म जुळवताना त्याला ठरावीक कोनात अडकवणारी खाचेतली खीळ झिजलेली असते हे विसरू नका, म्हणून आर्म नेहमी एकाच बाजूनं ढकलत खाचेत आणा आणि मग आवळा. कॅरेजच्या बेअरिंगांचा रूळ रॉकेलच्या फडक्यानं पुसून कोरडा ठेवा. तेल लावलंत तर भुश्याचा लगदा होतो आणि कॅरेज खडखडते.

कापाच्या तोंडावर दातांच्या वक्र खुणा ठळक दिसल्या, तर पातं त्याच्या प्रवासाला समांतर नसू शकतं. पुढचे दात कापतात आणि मागचे घासतात. अशा वेळी मोटर धरणारं जू किंचित फिरवावं लागतं. एका दाताला खडूनं खूण करा, तोच दात पुढे आणि मागे आणून गुण्यापासून अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं आलं की आवळा.

पातं अंगावर झेपावत असेल तर मात्र दोष बहुतेक वेळा पात्याच्या जातीचा असतो. या करवतीत दात खालून मागे, म्हणजे पट्टीकडे जातात, त्यामुळे मोटर आपोआप आपल्याकडे यायला बघते. टेबल-सॉचं १५-२० अंश पुढे झुकलेल्या दातांचं पातं इथे लावलं तर ते लाकडावर चढणारच. शून्य किंवा उणे ५ अंशांचं, म्हणजे सरळ किंवा किंचित मागे झुकलेल्या दातांचं, पातं घ्या. ओढणारा हात कोपरात ताठ ठेवा, दुसरा हात पात्याच्या वाटेपासून किमान सहा इंच लांब, आणि प्रत्येक कापानंतर करवत पट्टीच्या मागे नेऊन ठेवा. याला अपवाद नाही.

आता वीज. लांब, पातळ एक्स्टेन्शन वायरवर व्होल्टेज १० टक्के पडलं, तर या मोटरची जास्तीत जास्त ताकद १९ टक्क्यांनी घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाड आणि आखूड वायर वापरा. शक्य असेल तर मोटरची जोडणी २३० व्होल्टवर करून घ्या, बहुतेक जुन्या मोटरांवर ती सोय असते. भारतात असं मशीन नेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ओळखावी. मोटर ६० हर्ट्झची असेल आणि आपल्याकडे ५०. त्यामुळे ३,४५० फेऱ्यांची मोटर मिनिटाला साधारण २,८७५ फिरेल. ते एक वेळ चालेल, पण तेच २३० व्होल्ट ५० हर्ट्झवर दिले तर तिच्या लोखंडावर सुमारे २० टक्के जास्त भार येतो आणि ती तापते. व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवा, नाहीतर मोटरच बदला. “चालतेय ना” म्हणून सोडू नका.

ज्यांच्याकडे त्या काळची हातातली वर्म-ड्राइव्ह (गिअरमधून पातं फिरवणारी) करवत आहे, १९३७ मध्ये आलेल्या स्किलसॉ ७७ च्या घराण्यातली, त्यांनाही लाकडाचा भाग जसाच्या तसा लागू आहे. फुगवटा, आधार, खिळे, सगळं. तिच्यात टेबलाचा प्रश्न नाही, पण गिअरचं तेल आणि कार्बन ब्रश बघायचे. काप घेताना सुटा पडणारा तुकडा मोकळा पडला पाहिजे. तो धरून ठेवलात तर पातं चिमटणारच.

अजूनही अडकत असेल तर खाली लिहा, पण लिहिताना इतकं नक्की द्या: लाकूड कुठलं आणि किती ओलं, फुगवटा कुठल्या बाजूला ठेवला होता, टेबल कशाचं आहे आणि शेवटचं कधी मोजलं, पात्याचे दात किती अंशांचे, काळा पट्टा कापाच्या कुठल्या कडेला, आणि महिना कोणता.